मटकी, मीठ आणि संशोधनाचा तास

शाळेच्या प्रयोगवहीत उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण आणि अनुमान असे ठरलेले मथळे असतात. हे पाचही मथळे संशोधनाचेच आहेत. मात्र वहीत ते बहुधा फळ्यावरून उतरतात, आणि कधी कधी तर प्रयोग व्हायच्या आदल्या दिवशीच. निळा लिटमस लिंबाच्या रसात लाल होणार हे आधीच ठाऊक असलेला विद्यार्थी लिटमसकडे नीट पाहतच नाही. असे प्रयोग टाकाऊ नव्हेत. उपकरण हाताळायला, पुस्तकातले वाक्य डोळ्यांनी पडताळून पाहायला ते लागतातच. पण प्रश्न नेमका करणे, मोजणे, खरी नोंद ठेवणे, तुलना करणे आणि पुराव्याला झेपेल एवढेच म्हणणे ही कौशल्ये त्यातून येत नाहीत. त्यासाठी उत्तर कोणालाच आधीपासून ठाऊक नसेल असा प्रयोग लागतो. शिक्षकालाही ते ठाऊक नसेल तर उत्तमच.

भारतात या दिशेने झालेले सर्वांत मोठे काम मध्य प्रदेशातले. 1972 मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या 16 सरकारी शाळांत सहावी ते आठवीसाठी विज्ञान शिकवण्याची वेगळी पद्धत सुरू केली. पुढे ती जिल्हाभर पसरली आणि 1982 मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने ती सांभाळली. ‘बाल वैज्ञानिक’ या तिच्या पुस्तकांत प्रयोग आणि प्रश्न होते, तयार निष्कर्ष छापलेले नव्हते. मुले चार-चारच्या गटात प्रयोग करीत, निकाल वर्गासमोर मांडून त्यावर चर्चा करीत. परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी ठेवायची मुभा होती. पाठांतराची परीक्षा ठेवायची आणि शोधवृत्तीची अपेक्षा करायची, हा विरोध तिथे अगदी मुळातून काढून टाकला होता. 2002 मध्ये राज्य सरकारने हा कार्यक्रम बंद केला. पण प्रयोगशाळेची खोली नसलेल्या खेड्यातल्या शाळेतही हे जमते, हे तीस वर्षांत दिसून आले होते.

पहिले आणि सर्वांत अवघड काम म्हणजे प्रश्न. मुलांना ‘काहीतरी प्रश्न विचारा’ असे सांगितले की ‘पाऊस का पडतो?’, ‘झाडे का वाढतात?’ असे प्रश्न येतात. प्रश्न चांगले आहेत, पण वर्गात हाताला लागत नाहीत. असा प्रश्न बाजूला सारू नये, त्याला लहान करत न्यावे. ‘का’च्या जागी ‘किती’, ‘कोणत्या’ किंवा ‘काय बदलले तर काय बदलते’ हे शब्द ठेवले की वाट सापडते. झाडे का वाढतात, यातून बियांना रुजायला काय लागते हा प्रश्न निघतो. त्यातून पाणी कोणते चालते. त्यातून पाण्यात मीठ असेल तर किती मिठापर्यंत मटकीला मोड येतात. एवढा बारीक झालेला प्रश्न आठवडाभरात सुटू शकतो. पायरी पायरीने तो कसा बारीक होत गेला ते फळ्यावर पुसू न देता ठेवावे, कारण मुलांना शिकायचे आहे ते हेच उतरणे.

मिठाचा प्रश्न कोकण आणि गोव्यात नुसता वर्गातला राहत नाही. खाडीकाठच्या खारभूमीत आणि गोव्याच्या खाजण शेतात भरतीचे पाणी बांध फोडून आत शिरले की पीक जाते. खारे पाणी सोसणारे कोरगुटसारखे भाताचे वाण तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकले ते याच कारणाने. परिसराशी असे नाते असलेला प्रश्न मिळाला तर घ्यावा. नाही मिळाला तर ओढूनताणून जोडू नये. लातूरच्या वर्गाला मटकीचा प्रयोग मटकीसाठीच पुरेसा आहे.

आता प्रयोग. चाळीस मुलांच्या वर्गाचे पाच-पाचचे आठ गट. साधे पाणी आणि लिटरला 5, 10 व 20 ग्रॅम मीठ घातलेली तीन पाणी, अशी चार द्रावणे. प्रत्येक द्रावण दोन गटांकडे. तुलनेसाठी डोळ्यांपुढे असू द्यावे की समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. प्रत्येक गटाला एकाच पिशवीतली मटकी, 50 दाणे मोजून. दाणे रात्रभर त्याच द्रावणात भिजवायचे, सकाळी निथळून त्याच द्रावणाने ओल्या केलेल्या सुती फडक्यात गुंडाळायचे आणि झाकणाच्या डब्यात ठेवायचे. सगळे डबे एकाच कपाटात. नोंद दोन दिवस, दिवसातून दोनदा, ठरल्या वेळी.

इथपर्यंत सांगितले की बहुतेक शिक्षकांना वाटते, आता मुले करतील. नेमके इथेच थांबावे. ‘मीठ किती?’ यावर ‘एक चमचा’ असे उत्तर येते. कोणता चमचा, सपाट की शिगोशीग, हे दोन गटांनी वेगवेगळे मीठ काट्यावर ठेवून दाखवले की ‘ग्रॅम’ का लागतो ते वेगळे सांगावे लागत नाही. पुढचा प्रश्न त्याहून मोलाचा: मोड आला, असे केव्हा म्हणायचे? साल फुटले की? पांढरे टोक दिसले की? एक गट साल फुटलेले सगळे दाणे मोजतो, दुसरा लांब मोडाचेच मोजतो, आणि मग दोन गटांच्या आकड्यांची तुलना म्हणजे दोन वेगळ्या गोष्टींची तुलना होते. व्याख्या वर्गाने ठरवावी: उदाहरणार्थ, ‘सालीबाहेर आलेले टोक मोजपट्टीवर 2 मिलिमीटर किंवा जास्त’. आणि ती प्रयोगाआधी वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. आकडे पाहून मग व्याख्या बदलणे ही मोह पाडणारी खोड आहे. मोठ्या संशोधकांनाही ती सुटत नाही.

मग गणंग निघतात. रात्रभर पाण्यात राहूनही दगडासारखे टणक राहिलेले हे दाणे घरात निवडून फेकले जातात. इथे त्यांचे काय करायचे? ते मोजले तर मिठाच्या नावावर विनाकारण दोष जातो. वगळले तर कदाचित मिठामुळेच न फुगलेले दाणेही ‘गणंग’ म्हणून वगळले जातील. या वादाला तयार उत्तर नाही, आणि म्हणूनच तो वर्गात होऊ द्यावा. एक तोडगा असा: कोणताच दाणा वगळायचा नाही, पण न फुगलेल्या दाण्यांचा रकाना वेगळा ठेवायचा. साध्या पाण्याच्या गटांत किती गणंग निघाले ते पाहिले की मिठाच्या गटांतल्या न फुगलेल्या दाण्यांचा अंदाज येतो. ज्याच्याशी तुलना करायची असा बिनमिठाचा गट का ठेवायचा, हे मुलांना इथे जितके लख्ख कळते तितके कोणत्याही व्याख्येने कळत नाही.

न्याय्य तुलनेचा नियम लहान आहे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या सारख्या ठेवायच्या. बाकीच्या कोणत्या, याची यादी मात्र मुलांकडूनच यावी. दाणे एकाच पिशवीतले, फडके एकाच जाडीचे, डबे एकाच जागी हे सुचते. फडके पुन्हा ओले करायचे तर साध्या पाण्याने की त्याच द्रावणाने, हे सहसा सुचत नाही, आणि तिथेच प्रयोग फसतो. एखाद्या गटाने साधे पाणी शिंपडले असेल तर त्याला रागावू नये. ती गोष्ट वहीत लिहून घ्यावी.

समजा, दुसऱ्या दिवशी दुपारी फळ्यावर असे आकडे आले: साध्या पाण्याच्या दोन गटांचे 46 आणि 41; 5 ग्रॅमवाल्यांचे 44 आणि 42; 10 ग्रॅमवाल्यांचे 38 आणि 29; 20 ग्रॅमवाल्यांचे 17 आणि 9. मुलांचा पहिला निष्कर्ष ठरलेला असतो: मिठाने मोड कमी येतात. दुसरा, जरा हुशार निष्कर्ष सरासरीचा: 43.5, 43, 33.5, 13. शिक्षकाने इथे एकच प्रश्न विचारावा: साध्या पाण्याच्या दोनच गटांत, मीठ नसताना, फरक कितीचा आहे? पाचाचा. मग साधे पाणी आणि 5 ग्रॅम यांच्या सरासरीतला अर्ध्या दाण्याचा फरक मिठाचा कशावरून? दोन्ही 5 ग्रॅमवाले गट तर साध्या पाण्याच्या दोन आकड्यांच्या मध्येच बसतात. त्यांच्याबद्दल काहीच म्हणता येत नाही, आणि ‘काही म्हणता येत नाही’ हेही वहीत लिहिण्याजोगे अनुमान आहे. उलट 20 ग्रॅमच्या दोन गटांत आठाचा फरक असला तरी त्यांतला मोठा आकडाही साध्या पाण्याच्या लहान आकड्याहून खूप खाली आहे. तिथे दावा ठामपणे करता येतो. सातवीच्या मुलाला प्रमाण विचलन शिकवण्याची गरज नाही. एकाच स्थितीतल्या दोन गटांतला फरक आणि दोन स्थितींतला फरक शेजारी ठेवून पाहायला शिकवले तरी पुष्कळ झाले.

29 या आकड्याचेही काहीतरी करावे लागते. त्या गटाच्या वहीत ‘सकाळी फडके कोरडे होते’ असे लिहिलेले असेल तर कारण सापडते. लिहिलेले नसेल तर आकडा तसाच राहतो, गूढ. नोंदीचे महत्त्व पटायला यापेक्षा चांगला प्रसंग मिळत नाही. गट पुन्हा प्रयोग करायला तयार असेल तर करू द्यावा, पण जुना आकडा खोडू देऊ नये.

याच प्रयोगातून दुसरा प्रश्न आपोआप निघतो. 20 ग्रॅमच्या पाण्यात न रुजलेले दाणे मेले, की नुसते अडले? मिठाच्या पाण्यातून दाण्याला पाणी ओढून घेणे जड जाते. परासरणाचा धडा शिकलेल्या वर्गाला हे सांगता येते. तसे असेल तर ते दाणे धुऊन साध्या पाण्यात ठेवल्यावर रुजायला हवेत. क्षाराने दाण्याला आतून इजा केली असेल तर रुजणार नाहीत. दोन कारणे, दोन वेगळी भाकिते, आणि दोन दिवसांत निकाल. पहिल्या प्रयोगापेक्षा हा दुसरा प्रयोग महत्त्वाचा, कारण त्याची आखणी पुस्तकातून नाही, मुलांच्या तर्कातून आलेली असते. वेळ कमी असेल तर पहिल्या प्रयोगातली दोन द्रावणे गाळावीत, पण हा टप्पा गाळू नये.

मोजमापाची शिस्त लावायला मटकीपेक्षा लंबक बरा. दोरीला नट बांधून एक मीटर लांबीचा लंबक केला की त्याचे एक पूर्ण आंदोलन सुमारे 2 सेकंदांत होते. लांबी 25 सेंटिमीटर केली की सुमारे 1 सेकंदात. घड्याळ सुरू करताना आणि थांबवताना हाताला सेकंदाचा पाचवा भाग सहज लागतो. एकच आंदोलन मोजले तर 2 सेकंदांत 0.2 सेकंदाची चूक, म्हणजे शेकडा 10; वीस आंदोलने मोजून 20 ने भागले तर तीच चूक 40 सेकंदांत वाटली जाते आणि शेकडा अर्ध्यावर येते. हे गणित फळ्यावर करण्याआधी मुलांना एकेका आंदोलनाची वेळ मोजू द्यावी आणि आठ गटांचे आठ आकडे समोर मांडावेत. मगच वीसचा उपाय सुचवावा, किंवा त्यांनाच सुचू द्यावा. लांबी कुठपर्यंत मोजायची, दोरीच्या गाठीपर्यंत की नटाच्या मध्यापर्यंत, हा वाद इथे होतोच. नट जड केला तर वेळ बदलेल असे बहुतेक मुले भाकीत करतात. ते आधी लेखी घ्यावे. चुकलेले भाकीत वहीत शाईने लिहिलेले असले की ‘मला आधीच माहीत होते’ असे म्हणायला जागा उरत नाही.

वहीचे दोन-तीन नियम पुरेत. पेनाने लिहायचे, खोडरबर नाही. चूक झाली तर एक रेघ मारायची, खालचे वाचता आले पाहिजे. तारीख आणि वेळ प्रत्येक नोंदीला. आणि पाहिलेले व वाटलेले वेगळ्या रकान्यात. ‘पाने खाली वळली, कडा पिवळ्या’ हे पाहिलेले. ‘पाणी कमी पडले’ हे वाटलेले. चांगल्या घरांतून आलेली, सुवाच्य लिहिणारी मुले यातच सर्वांत जास्त अडतात. त्यांना वही सुंदर हवी असते. मळकी, रेघा मारलेली, पण त्याच क्षणी लिहिलेली वही घरी जाऊन उतरवून काढलेल्या वहीपेक्षा वरचढ, हे गुण देताना दिसले पाहिजे. नुसते बोलून मुलांचा विश्वास बसत नाही.

वाचन आणि विचारपूस प्रयोगाच्या आधी की नंतर, याबद्दल दोन मते आहेत. मटकीसारख्या प्रयोगात पहिला टप्पा झाल्यावर वाचायला दिलेले बरे, कारण तोवर मुलांच्या हातात स्वतःचे आकडे असतात आणि पुस्तकातल्या विधानाशी ते भांडू शकतात. माहिती घ्यायला पुस्तक, जाल, कृषी विज्ञान केंद्र, शेतकरी, घरातली आजी हे सगळे चालतात. फक्त कोणी सांगितले, केव्हा, आणि त्याला ते कसे ठाऊक, हे तीन शब्दांत का होईना लिहावे. ‘गुगलवर मिळाले’ हे उगमस्थान नव्हे. कोणत्या संकेतस्थळावर, हे लिहायला लावावे.

निकाल मांडण्याच्या दिवशी प्रत्येक गटाला पाच मिनिटे आणि ऐकणाऱ्यांना तेवढीच. ऐकणाऱ्यांचे काम टाळ्या वाजवण्याचे नसते. ‘हे तुम्हांला कशावरून कळले?’ आणि ‘दुसरे काही कारण असू शकेल का?’ हे दोन प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात कायम लिहून ठेवले की सुरुवातीची काही सत्रे तेवढ्यावर निभतात. थर्माकोलचे मॉडेल आणि रंगीत तक्ते या दिवशी बंदच ठेवावेत. एक आलेख, एक तक्ता, बस.

अडचणी खऱ्या आहेत. तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा, पट कधी साठावर, अभ्यासक्रम डोक्यावर. आठवड्याला एक जोडतास मुख्याध्यापकांकडून मागून घेता आला तर निम्मा प्रश्न सुटतो. भिजवणे, फडके ओले करणे, सकाळची मोजणी हे प्रार्थनेआधीच्या दहा मिनिटांत होते. गटात कामे वाटून द्यावीत आणि दर प्रयोगाला फिरवावीत, नाहीतर मोजणारा तोच राहतो आणि लिहिण्याचे काम दर वेळी मुलीकडे जाते. वर्षाला असे दोन-तीनच प्रयोग घ्यावेत. बाकीचे पाठ्यपुस्तकाप्रमाणे होऊ द्यावेत. साहित्याचा खर्च फारसा नाही. स्वयंपाकघरातला काटा, मोजपट्टी, घड्याळ आणि जुनी फडकी यांत बहुतेक सारे भागते. टाकाऊ वस्तूंपासून केलेली अरविंद गुप्ता यांची खेळणी साहित्याची वाण असलेल्या शाळांना उपयोगी पडतात. दोन दिवसांनंतरची मटकी आंबते, बुरशी धरते. ती खाऊ द्यायची नाही आणि मोजणीनंतर हात धुवायचे, एवढी दक्षता पुरेशी.

गुणांचे म्हणाल तर महाराष्ट्रातल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आठवीपर्यंत आकारिक मूल्यमापनासाठी प्रयोग, उपक्रम आणि प्रकल्प ही साधने आहेतच. हा उपक्रम त्यांत बसवायला वेगळी परवानगी लागत नाही. निम्मे गुण वहीला, उरलेले आखणीला आणि प्रश्नोत्तरांना ठेवावेत. निष्कर्ष ‘बरोबर’ येण्याला गुण ठेवू नयेत. ते ठेवले की दुसऱ्याच प्रयोगापासून आकडे आपोआप बरोबर येऊ लागतात.

वर्गाबाहेर न्यायचे तर 10 ते 17 वर्षे वयाच्या मुलांसाठी 1993 पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरते, आणि तिथे परिसरातल्या प्रश्नावरचे प्रकल्प मांडले जातात. सहावी आणि नववीसाठीच्या होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेतही कृतिसंशोधनाचा टप्पा आहे. मात्र स्पर्धा जवळ आली की प्रकल्प पालकांच्या हाती जातो, शब्द मोठे होतात आणि आलेख गुळगुळीत. वर्गात आधीच पूर्ण झालेले काम तिथे न्यावे. स्पर्धेसाठी म्हणून काम काढू नये.

वर्ष संपल्यावर वह्या घरी जाऊ न देता वर्गाच्या कपाटात ठेवाव्यात, निदान गटाची एक तरी. जूनमध्ये आलेली नवी तुकडी त्या वाचते, तिला मागच्यांचे 46 आणि 41 दिसतात, कोरडे फडके दिसते. पावसाळ्यात मटकीला मोड यायला थंडीपेक्षा कमी वेळ लागतो, म्हणजे मागच्या तुकडीने डिसेंबरमध्ये केलेला प्रयोग आणि आपला जुलैमधला प्रयोग थेट ताडून पाहता येणार नाही, हेही कोणाच्या तरी लक्षात येते. कपाटात तापमापक का टांगला नव्हता, असे मग ती तुकडी विचारते.